छापील बाजू भिंतीकडे

नवी मुंबईत जुनी घरं विकून देणारा कुठलाही एजंट पावसाळ्यात घर दाखवायला नाखूश असतो. "दिवाळीनंतर बघा ना काकी, एकदम फ्रेश दिसेल," असं आमचा एजंट आईला पहिल्याच फोनवर म्हणाला होता. आई म्हणाली, "फ्रेश कशाला? मला काय भाजी घ्यायचीय? धो धो पडत असेल त्या दिवशी बोलवा."

ही अट मुळात तिची नव्हती. आम्ही तेव्हा करावे गावात भाड्याने राहत होतो आणि आमची घरमालकीण म्हणजे खाडीतल्या मासळीवर संसार केलेली एक आजी होती. तिच्या मुलांना जुनं घर पाडून त्या जागी नवं बांधायचं होतं. "दिवाली होवदे, मंग जागा खाली करा," असं तिने आम्हाला तोंडावर सांगितलं आणि वर आईला सल्लाही दिला, "बाय, घर बगाचा त पावसान बगाचा. उन्हाल्यान सगलीच घरां बरी दिसतान." आम्हाला घराबाहेर काढणारी बाईच घर कसं बघायचं ते शिकवतेय, याचा मला संताप आला. आई संतापली नाही. तिने सल्ला तेवढा उचलला.

आईला आता पुन्हा भाड्याचं घर नको होतं. लग्न होऊन ती मराठवाड्यातून इकडे आली तेव्हापासून अकरा महिन्यांचा करार संपत आला की तिची झोप उडायची. घरमालक चक्कर टाकायला आला की ती त्याला चहा द्यायची आणि तो जाईपर्यंत उभी राहायची. जिन्यावरून उतरवता येणार नाही असं कपाट तिने कधी घेतलं नाही. "आता एकदाच सामान बांधणार, आणि सोडणार ते माझ्या घरात," असं तिने आम्हाला बजावलं होतं. बँकेने कर्ज मंजूर केलं होतं. त्यात नवा फ्लॅट बसत नव्हता, जुना बसत होता. तो दिवाळीच्या आत सापडायला हवा होता. नाहीतर पुन्हा भाड्याचं घर आणि पुन्हा तीच चौकशी.

कुठली चौकशी, हे आमच्यासारख्या बौद्ध घरांत सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगते. फोनवर सगळं ठरतं. भाडं ठरतं, राहायला यायचा दिवस ठरतो. मग अगदी सहज आवाजात प्रश्न येतो, "आडनाव काय म्हणालात?" तुम्ही सांगता. पलीकडून नुसतं "बरं" येतं. आणि संध्याकाळी निरोप येतो की त्या घरात मालकाचा भाचा राहायला येतोय. आमच्यामुळे या शहरात किती भाच्यांची सोय झाली, त्याची मोजदाद नाही.

मला या गोष्टीचा राग येतो. तो ओसरू नये असंही मला वाटतं.

पप्पा महापेच्या एका ऑफसेट छापखान्यात मशीन चालवतात. एरवी औषधांची खोकी छापायची आणि सुट्टीच्या दिवशी मालकाच्या परवानगीने, पदरच्या कागदावर, पत्रकं. वस्तीत पाणी का येत नाही, कंत्राटी सफाई कामगारांना रेनकोट पाऊस संपल्यावर का मिळतात, असे त्यांचे विषय. आमच्या घरात कपाटात अंथरायला उरलेली पत्रकं असायची, भाकरीखाली तीच, आणि माझ्या शाळेच्या पुस्तकांना कव्हरही त्यांचीच. त्या पावसाळ्यातलं ताजं पत्रक मात्र मी लिहिलं होतं. मथळा होता : 'घर देताना आडनाव विचारणाऱ्यांनो!' गठ्ठा छापून झाला होता, वाटायचा राहिला होता, कारण पाऊस थांबत नव्हता.

तर असे आम्ही तिघं भर पावसात लोकांची घरं बघत फिरायचो.

छापखान्यात पावसाळ्यात कागद ओलावला की मशीनमध्ये अडकतो. म्हणून पप्पांना कागद उचलला की झटकून ऐकायची सवय आहे. कोरडा कागद कडकडतो, ओला फडक्यासारखा गप्प असतो. हीच युक्ती त्यांनी घरांना लावली. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडी पत्रकं घेऊन ते यायचे. संशय आलेल्या भिंतीवर एक पत्रक सेलोटेपने चारी बाजूंनी डकवायचे. छापील बाजू भिंतीकडे, कोरी बाजू बाहेर, म्हणजे दुसऱ्याच्या घरात उगाच प्रचार नको. बाकीचं घर बघून होईपर्यंत कागद तिथेच. मग तो काढायचा, झटकायचा आणि पिशवीतल्या कोऱ्या करकरीत भावंडाशी ताडून बघायचा.

"अहो, जुलैत आख्खी नवी मुंबई ओली असते," आई म्हणायची. "तुमचा कागद वेगळं काय सांगणार?"

"दमट वेगळं आणि ओल वेगळी."

"ते मला माझं नाक सांगतं. फुकटात."

आईची पद्धत साधी होती. बाथरूमच्या दारात उभं राहून एक मोठा श्वास घ्यायचा. सिंकखालचं कपाट उघडून आत हात घालायचा. पलंगामागे, देव्हाऱ्यामागे, जिथे जिथे बघू नये अशी घरच्यांची इच्छा असेल तिथे आधी बघायचं. आणि रंग ताजा दिसला की सरळ चप्पल घालायची. जुईनगरला एका हॉलची एकच भिंत गुलाबी होती. रंगाचा वास ताजा होता. मालक म्हणाला, "फेस्टिवलसाठी काढलाय." आई म्हणाली, "एकाच भिंतीचा फेस्टिवल का?" आणि आम्ही खाली उतरलो.

आमचा एजंट पंचविशीतला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, मोबाइल दुधाच्या पिशवीत घातलेला. तो कंटाळून म्हणायचा, "काकी, तुम्ही घर बघायला येता की रेड टाकायला?" पण तो यायचा. आमच्यासारखं गिऱ्हाईक पावसात दुसरं नव्हतं.

नेरुळला एका घरात भाडेकरू राहत होते. मालक हॉलमध्ये आम्हाला सांगत होता की इतक्या वर्षांत थेंब गळला नाही, शपथेवर सांगतो. आतल्या ओट्याशी भाडेकरू बाई पोळ्या लाटत होती. तिने आमच्याकडे बघितलंही नाही. नुसतं लाटणं उचललं, वर माळ्याकडे रोखलं आणि पुन्हा लाटायला लागली. पप्पांनी स्टूल घेऊन वर डोकावलं. माळ्यावर ताडपत्री होती आणि ताडपत्रीत बदक सोडावं इतकं पाणी. बाहेर आल्यावर मी म्हणाले, हिचं नाव विचारायला हवं होतं. आई म्हणाली, "नको. मालकानं ऐकलं असतं तर?"

सानपाड्याचं घर ऑगस्टमध्ये आलं.

चार मजली जुनी इमारत, तिसरा मजला. घर एकटीच्या नावावर असलेल्या काकू सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या. नवरा गेलेला, मुलगा पुण्याला बोलावत होता. दार उघडून त्यांनी आम्हा तिघांची अवस्था बघितली आणि आधी आतून टॉवेल आणून दिला. आई डोकं पुसत होती तेव्हा त्यांनी पप्पांना विचारलं, "आडनाव काय आपलं?"

पप्पांनी सांगितलं.

"बरं," म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

मी पप्पांकडे बघितलं. आला भाचा, असं मला म्हणायचं होतं. पप्पांनी डोळ्यांनीच गप्प बसवलं आणि पिशवी घेऊन ते मागच्या खोलीकडे गेले. तिथे खिडकीशेजारी एक कपाट भिंतीला फार चिकटून उभं होतं. पप्पांनी त्याच्या फटीत हात घातला, बोटांना गारवा लागला, म्हणून त्यांनी तिथेच, कपाटाआड, पत्रक डकवलं.

आई त्या दिवशी काही तपासतच नव्हती. म्हणजे सुरुवात तिने नेहमीसारखी केली, पण स्वयंपाकघरात गेली आणि तिथेच थांबली. ओटा खिडकीखाली होता. खिडकीबाहेर बदामाचं झाड होतं आणि पावसाने त्याची पानं खालीवर होत होती. ती ओट्याशी उभी राहिली, दोन्ही हात त्यावर टेकून, जशी आपण आपल्या ओट्याशी राहतो.

तेवढ्यात एजंटला दुसऱ्या गिऱ्हाइकाचा फोन आला, आम्ही चहा संपवला आणि निघालो. एरवी घर बघून झालं की आई गप्प असायची. त्या दिवशी ती जिन्यापासून बोलायला लागली. फ्रिज कुठे बसेल. पप्पांची खुर्ची खिडकीत कशी येईल. स्टेशनपर्यंत ती बोलत राहिली आणि आम्ही ऐकत राहिलो. पत्रक भिंतीवरच राहिलं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

दोन दिवसांनी एजंटचा फोन आला. तो ओरडतच होता. "काका, काय करून ठेवलंत? मॅडमचा पारा चढलाय! साफसफाई करताना कपाटाच्या मागे हात घातला तर नोटीस! आडनाव विचारणाऱ्यांनो म्हणे! आणि त्यांनी दारातच विचारलं होतं ना तुम्हाला. त्यांना वाटतंय तुम्ही मुद्दाम चिकटवून गेलात. मला म्हणाल्या, असली माणसं परत आणू नकोस."

फोन स्पीकरवर होता. आईने हातातली भाजी खाली ठेवली.

"तुमच्या कागदानं माझं घर घालवलं," ती म्हणाली. पप्पांनी फोन बंद केला.

मी म्हणाले, "आई, बरंच झालं. जिनं विचारलं तिनं वाचायलाच हवं होतं."

"वाचायला हवं होतं, कबूल. तू लिहिलंस ते खरंच आहे." आई माझ्याकडे वळली. "पण द्यायचं तर हातात द्यायचं, तोंडासमोर. कपाटाआड चिकटवून निघून जायचं हे काय?"

"आपण मुद्दाम नाही केलं."

"तिला कसं कळणार? तिच्या जागी तू असतीस तर काय समजली असतीस?"

मी पत्रकाबद्दल माफी मागणार नाही, असं मी सांगितलं. आई म्हणाली, "माग म्हणतंय कोण? चिकटवल्याबद्दल बोलू. लिहिल्याबद्दल नाही."

रविवारी पाऊस होताच. एजंट इमारतीच्या गेटपर्यंत आला आणि म्हणाला, "तुम्ही जावा वर. मी खाली छत्री सांभाळतो."

काकूंनी दार उघडलं, पण वाटेतून बाजूला झाल्या नाहीत. यावेळी टॉवेल नव्हता. आई म्हणाली, "ताई, पाच मिनिटं द्या. घरासाठी नाही आलो. झालं काय ते सांगायला आलोय." त्या आत वळल्या. पत्रक टेबलावरच होतं, वाळून पापडासारखं वाकडं झालेलं.

"हे कोणी लिहिलंय?" त्यांनी पप्पांना विचारलं.

"मी," मी म्हणाले.

"माझ्यासाठी?"

"नाही. लिहिलं तेव्हा तुम्हाला ओळखतही नव्हते. पण तुम्ही विचारलंत, त्यामुळे आता तुम्हालाही लागू होतं."

आईने डोळे मिटून घेतले.

"मी सहज विचारलं," काकूंचा आवाज चढला. "सगळ्यांना विचारते. त्यात काय एवढं?"

"तेच लिहिलंय त्यात. तिसऱ्या परिच्छेदात."

त्यांनी चष्मा लावला. आम्ही उभेच होतो. मी तिथे लिहिलं होतं : तुम्ही सहज विचारता, आम्हाला सहज सांगता येत नाही. त्या ती ओळ वाचत होत्या की पुढचं सगळं, मला कळलं नाही. बराच वेळ वाचत होत्या. मग पत्रक खाली ठेवून पप्पांना म्हणाल्या, "पण भिंतीवर कशाला? तोंड नव्हतं?"

तेव्हा पप्पांनी सगळं सांगितलं. छापखाना, मशीन, कागदाचा आवाज. सांगताना त्यांनी पिशवीतून एक पत्रक काढून झटकून दाखवलं. खोलीत कडकड आवाज झाला. काकूंच्या चेहऱ्यावर अविश्वास होता.

"ओल बघायला? पत्रकानं?"

"घरात तेवढाच कागद असतो हो आमच्या," आई म्हणाली.

"म्हणजे माझा निषेध नव्हता?"

"निषेध असता तर ताई," पप्पा म्हणाले, "छापील बाजू बाहेर ठेवली असती."

काकू आधी पप्पांकडे बघत राहिल्या आणि मग हसल्या. खुर्चीवर बसून, चष्मा काढून हसल्या. आईलाही हसू आलं. मी हसले नाही, कारण माझं अजून संपलं नव्हतं. पण मला पुढे काही बोलावं लागलं नाही.

"खरं सांगू?" हसू थांबल्यावर काकू आईला म्हणाल्या. "तुमचं आडनाव ऐकून चहा टाकायला गेले ना, तेव्हा मनात आलंच माझ्या. बिल्डिंगवाले काय म्हणतील. म्हणून ते वाचून जास्त झोंबलं. सहज नव्हतं ते."

इतक्या वर्षांत आम्हाला भाचे सांगितले गेले, मुंज सांगितली गेली, वास्तुदोष सांगितला गेला. हे कुणीच सांगितलं नव्हतं. ऐकून मला बरं वाटलं असं म्हणवत नाही. पण समोर आलेलं खोटं खोडायला मी नेहमी तयार असते, आणि इथे खोडायला काही उरलं नव्हतं.

आईने मान डोलावली. रागावली नाही, धन्यवादही दिले नाहीत. "मग ओल आहे का भिंतीला?" तिने विचारलं. "आमचा कागद तर तुमच्याकडेच राहिला."

काकू उठल्या. "या," म्हणाल्या.

मागच्या खोलीत त्यांनी आणि पप्पांनी मिळून कपाट ओढलं. मागे भिंत खालपर्यंत काळवंडली होती, रंगाचे पोपडे निघाले होते आणि त्यावर, जिथे पत्रक होतं तिथे, माझ्या मथळ्याची शाई उलट्या अक्षरांत पुसटशी उमटली होती. "हे झाकायलाच कपाट सरकवलं होतं," काकू म्हणाल्या. "एजंट म्हणाला, दिसायला नको."

मग त्यांनी न थांबता सगळंच दाखवायला सुरुवात केली. बाथरूमच्या कोपऱ्यातली फुटलेली फरशी. हॉलच्या खिडकीची झडप, जी वाऱ्यात बसत नाही म्हणून त्या तिच्यात जुनी साडी कोंबतात. "आणि हे बघा, इथे बादली ठेवते मी, पश्चिमेचा वारा असला की." इतकी घरं बघितली, पण कुठल्या मालकिणीने स्वतःच्या हाताने आम्हाला गळती दाखवली नव्हती. आईच्या मागे मागे फिरताना मला जाणवलं की ती आता नाकाने काही हुंगत नव्हती. ती ऐकत होती.

मागच्या खोलीत परत येऊन आईने खिडकी उघडली. पाऊस सरळ आत आला. मी तिचा पदर धरून ठेवला आणि ती कमरेपर्यंत बाहेर वाकून वर बघू लागली. आत आली तेव्हा चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं.

"छज्जा फुटलाय," ती म्हणाली. "वरच्यांच्या पाइपचं पाणी त्या भेगेतून उतरतंय. भिंत चांगली आहे."

पप्पांनीही वाकून बघितलं, भिजले आणि तेच म्हणाले. काकूंना पटेना. इतकी वर्षं त्या भिंतीलाच दोष देत आल्या होत्या. मग मी मोबाइल हात लांब करून बाहेर धरला आणि फोटो काढून दाखवला. भेग स्पष्ट दिसत होती. तिच्यातून धार लागली होती.

"छज्जा सोसायटीचा," काकू म्हणाल्या. आवाजात जोर आला. "म्हणजे दुरुस्ती सोसायटीची. कमिटीत मी अजून आहे. घर सोडायच्या आधी करून घेते. आणि तुम्ही घेणार असाल तर बिल्डिंगमध्ये ओळख मी स्वतः करून देईन. दारोदार."

"आडनावासकट?" मी विचारलं.

"तू म्हणशील तसं," त्या म्हणाल्या. त्यांनी मला पहिल्यांदाच अगं-तुगं केलं होतं. "आणि कोणी तोंड वाकडं केलं, तर ते तुझं पत्रक आहेच माझ्याकडे."

माझं पत्रक एका घरापुरतं नव्हतं, आणि एक काकू खरं बोलल्या म्हणून या शहरातले भाचे संपले असंही नाही. पुढच्या आठवड्यात ऊन पडलं तेव्हा मी आणि पप्पांनी तो गठ्ठा नेऊन वाटला. मथळा तोच, त्यापुढचं उद्गारचिन्हही तेच. पण त्या रविवारी काकूंच्या घरात, ओले कपडे अंगाला चिकटलेले असताना, मला पहिल्यांदाच असं वाटलं की हे भांडण आपण एका पत्त्यावर राहून, कुणाला हलवता न येणाऱ्या पत्त्यावर राहून भांडू शकतो. करारावर राहणाऱ्या माणसाला दर अकरा महिन्यांनी गप्प बसावं लागतं. आईने ते आयुष्यभर केलं होतं.

पप्पा आईकडे बघत होते. घर घ्यायचं की नाही, हे तिनेच सांगायचं, असं आमच्यात न बोलता ठरलं होतं. ती स्वयंपाकघरात गेली, काकूही गेल्या, आणि आम्ही दारातून बघत राहिलो. आईने ओट्यावरून हात फिरवला. नळ सोडला, बंद केला.

"पाणी कधी येतं इथे?" तिने विचारलं.

इतक्या घरांत तिने ओल विचारली होती, गळती विचारली होती, वरचे कसे आणि खालचे कसे ते विचारलं होतं. हे कधीच विचारलं नव्हतं. पप्पांनी हातातली पत्रकांची पिशवी दुमडून खिशात घातली.

"सकाळचं येतं," काकू सांगू लागल्या. "आधी किचनला. बाथरूमच्या नळाला जरा वाट बघावी लागते."

"वाट बघू की," आई म्हणाली.